नऊ नंबरची चप्पल

डॉक्टर मॅडमचा फोन आला तेव्हा मी भर बाजारात ढेकणाच्या औषधाची जाहिरात करत होतो. रिक्षा आता आपली आपण चालते, वळते, म्हशीला वाट देते. माणसाला काम उरलंय ते फक्त भोंग्यापुढं बोलायचं. तेही लोकांनी मशीनकडून करून बघितलं होतं. मशीन इतकं गोड बोलायचं की कुणी मान वर करायचं नाही. माझ्या वेळी करतात, कारण मी नावं घेऊन बोलतो. "ओ इनामदार, तुमच्या गादीतले ढेकूण परवा माझ्याकडं तक्रार घेऊन आलते," म्हटलं की आख्खा बाजार थांबतो.

"सुकुमार, जरा दवाखान्यात येऊन जाता?" मॅडम म्हणाल्या.

"नवी जाहिरात?"

"नाही. तुमच्या चपलेवर लाल लागलंय. एकदा नाही, परत परत."

मी हसलो. मला वाटलं, दस्त्याचं काम. दस्तगीर जमादार आमच्याच गल्लीतला, माग दुरुस्त करणारा जॉबर, शाळेपासूनचा माझा जोडीदार. आमची दोघांची एक ठरलेली खोडी होती. लग्नाच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पडतो, त्यातल्या दोन डाव्या एका ठिकाणी जोडून ठेवायच्या, दोन उजव्या दुसरीकडं, आणि समोरच्या पानपट्टीवर उभं राहून बघायचं. दोन डाव्या पायांनी बस गाठणारा पाहुणा ज्यानं बघितला नाही, त्यानं काय बघितलं?

"मॅडम, दस्तगीरला सांगा, ही काय जमली नाही."

"मी तुमच्या दस्तगीरला ओळखत पण नाही, सुकुमार. उद्या या."

भोंगा चालू होता आणि त्यातून काहीच येत नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. इनामदारानं दुकानातून मान बाहेर काढली, मी मेलो की काय बघायला.

चपलेचं प्रकरण सांगायला पाहिजे.

आमचं गाव मागांचं. माग बदलले. धागा तुटला तर स्वतः गाठ मारणारे आले. गल्लीतले संडास मात्र सामाईकच राहिले. सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या मागं आमची घरांची एक ओळ आहे, ओळीच्या टोकाला संडास, आणि संडासाला लागून शेवटचं घर माझं. गाव कितीही पुढं गेलं तरी सकाळी त्याला माझ्या दारावरनंच जावं लागतं.

मॅडम पहिल्यांदा आल्या त्या डबी घेऊन. पंचेचाळीसच्या पुढच्या प्रत्येकानं डबीत थोडा नमुना द्यायचा, आतड्याच्या कॅन्सरची तपासणी होणार. जाहिरात मीच केली. डब्या घरोघर गेल्या, एकसुद्धा परत आली नाही. शेजारच्या नीलव्वानं तर डबी धुऊन तिच्यात मीठ भरलं आणि "झाकण छान बसतंय" म्हणून आणखी एक मागितली.

मग मॅडमनी हुंग्या आणला. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, हुंग्या हे बारसं मी केलं.

मॅडमनी मला सांगितलं आणि मी जसं समजलो तसं सांगतो. मोठ्या आतड्याच्या आतल्या अंगाला कधीकधी चामखिळीसारखा कोंब येतो. बरेचसे कोंब नुसते बसून राहतात. एखादा मात्र वर्षानुवर्षं वाढत जातो आणि बिघडतो, त्याचाच पुढं कॅन्सर होतो. दुखत नाही, खुपत नाही. दुखायला लागतं तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पण कोंब गप्प बसला तरी खुणा सोडतो. रक्त झिरपतं, बऱ्याचदा डोळ्याला दिसणारही नाही एवढं. त्याच्या पेशी झडून खाली येतात. आणि त्याच्याभोवती जे जंतू जमतात त्यांचा वास निराळा. आपल्या नाकाला सगळी घाण सारखीच, हुंग्याला त्यातली जात कळते. भांड्याच्या कडेखाली बसवलेली ही बोटभर पट्टी वास घेते, रक्त शोधते, झडलेल्या पेशींतल्या बिघडलेल्या खुणा वाचते. एकदा लाल आलं म्हणजे घाबरायचं नाही, मूळव्याधीनंही येऊ शकतं. परत परत आलं तर दुर्बीण घालून बघायचं. कोंब लहान असेल तर दुर्बिणीतूनच खुडतात. विषय संपला.

पण आत बसलंय कोण, हे हुंग्याला कसं कळणार? कॅमेरा म्हटलं असतं तर बायकांनी मॅडमना वेशीपर्यंत पोचवलं असतं. म्हणून चप्पल. तळव्यात चिप, आणि पावलं ठेवतो त्या जागेखाली ती वाचणारं यंत्र. ज्याला त्याला आपापल्या नावाची नवीकोरी चप्पल फुकट.

"डबी नको, सुई नको, उपास नको," मी भोंग्यावरनं सांगितलं. "रोज जाता तिथंच जा, रोज करता तेच करा, फक्त चप्पल आमची घाला."

रांग लागली. सगळी गल्ली चप्पल घेऊन गेली. वाटप शंभर टक्के झालं, वाटप झालं म्हणजे तपासणी झाली असं वर कुणीतरी धरलं, आणि मॅडमचा मुंबईत सत्कार झाला.

मी घरी येऊन लाल दिव्याचं सांगितलं तेव्हा बायको, राजमती, भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"आधी एक सांगा, मी रडू का हसू? तुमचं खरं कधी असतं तेच कळत नाही मला."

"मलाच कळंना झालंय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती जळाली तरी उलटली नाही.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी दवाखान्यातच ठेवून घेतलं. बादलीभर खारट पाणी पाजलं आणि म्हणाले आता बघा गंमत. मी संडासाला जात नव्हतो, संडासातनं अधूनमधून खाटेवर येत होतो. त्या हेलपाट्यांत डोक्यात नको ते यायचं. आपण गेलो तर भोंग्यावर आपली बातमी कोण सांगणार? मशीन सांगेल, गोड आवाजात, आणि कुणी मान वर करणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. मॅडमनी स्वतः पडदा माझ्याकडं वळवून दाखवला. आत सगळं गुलाबी, लखलखीत.

"काही नाही तुमच्यात. एक कोंबसुद्धा नाही."

मी रडलो थोडा. मग विचारलं, "मग तुमचा हुंग्या खोटारडा?"

मॅडम हातातल्या पाटीवर बोट सरकवत होत्या. बोट थांबलं. "सुकुमार, आज सकाळी तुम्ही कुठं होतात?"

"तुमच्याच संडासात. कालपासून तिथंच राहतोय मी."

"मग तुमची चप्पल आज सकाळी तुमच्या गल्लीत कशी बसली? आणि परत लाल?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. माझ्या डोक्यात उजेड पडला तो असा पडला की मी खाटेवर उठून बसलो.

"मॅडम, तुमच्या घरी संडासला वेगळी चप्पल आहे?"

"आहे की."

"नवी?"

त्यांनी पाटी खाली ठेवली.

"नवीकोरी चप्पल संडासला कोण घालतं, मॅडम? नवी चप्पल पहिली जाते लग्नाला, नाहीतर जोतिबाला, नाहीतर पोरीच्या सासरी. घासून टाच पातळ झाली की मग ती संडासला. तुमच्या चपला अजून खोक्यात आहेत. नीलव्वाची तर बेळगावला भावजयीच्या पायात आहे."

"आणि तुमची?"

"मी जाहिरातवाला. मला घालून दाखवावी लागली. ती दारात असते, आणि दार शेवटचं. ज्याला घाई होते तो स्वतःची अंगणात सोडून माझी अडकवून पळतो. नऊ नंबर आहे, कुणाचाही पाय बसतोय."

मॅडमना हसू आलं. हसता हसताच विरलं. "म्हणून एकाच सकाळी हिरवं, लाल, हिरवं. मला वाटायचं रक्त कधी येतं, कधी येत नाही, तसं असेल. आणि बाकीच्या चपला दिसत नाहीत, तर लोक कामावरच उरकून येत असतील." त्या खुर्चीत बसल्या. "चप्पल कुणाची हे यंत्र सांगतं. पाय कुणाचा हे नाही. सुकुमार, या लाल खुणा नुसत्या मूळव्याधीच्या नाहीत. पेशी बिघडल्यात. तुमच्या गल्लीत एका माणसाच्या पोटात हे वाढतंय आणि तो माणूस चालतोय, फिरतोय. आत्ता सापडला तर वाचवता येईल. थांबला तर मी खात्री देणार नाही."

"काय करू?"

"काहीच करू नका. तेच अवघड आहे तुम्हाला. दारात बसा, कोण चप्पल घालतंय ते बघा, मला सांगा. तोंड उघडायचं नाही."

मी शपथ घेतली. अगदी मनापासून घेतली.

रिक्षा गल्लीत वळली तर सगळी ओळ बाहेर उभी. नीलव्वा मी गेलो असं समजून पदर डोळ्याला लावून तयार. दस्तगीर खांबाला टेकून उभा. "काय रं सुक्या, दुर्बिणीत मेंदू सापडला का तुझा?"

मी काय करणार? समोर भोंगा होता.

"ऐका हो ऐका. सुकुमार मगदूम आतून आरशासारखा साफ आहे. डॉक्टरांनी बघून खात्री केली. लाल दिवा माझा नव्हे, माझी चप्पल घालून पळणाऱ्या तुमच्यातल्या कुणाचा तरी आहे."

पहिल्यांदा सगळे हसले. माझंच बोलणं, हसणारच. मग मी हसत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं. हळूहळू सगळ्यांचे डोळे माझ्या उंबऱ्यापाशी पडलेल्या चपलेवर गेले. साप पडल्यासारखी ती पडली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिला कुणी पाय लावला नाही. लोक तिला वळसा घालून जायला लागले. हुंग्याला माझ्याशिवाय कुणी दिसेना. लाल बंद.

मॅडमनी फोनवर मला काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर माणसाला एवढ्या शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं.

मग माझं बसणं-उठणं गेलं. ज्याला त्याला न्याहाळायला लागलो. कुणाचा पट्टा एक भोक आत गेलाय, कोण भाकरी अर्धी टाकतंय, कोण जिना चढताना दम खातंय. मला बघून बाकीचे पण तेच करायला लागले. रांगेत कोण दुसऱ्यांदा आलं की माना वळायच्या. दोन घरांत भांडणं लागली, एकानं दुसऱ्याला "तूच असशील लाल" म्हटलं म्हणून.

"अहो," राजमती म्हणाली, "दिवसभर लोकांच्या ढुंगणाकडं बघत बसलाय. मला पाण्याला जायची लाज वाटायला लागली."

दस्तगीर एका संध्याकाळी पानपट्टीवर भेटला. "खरंच लाल होतं का रं? म्हणजे किती?" हसतच विचारलं त्यानं, पण हातातल्या फडक्यानं उगाच बोटं पुसत राहिला.

"भरपूर," मी म्हटलं. "का? तुझं हाय का?"

"तुझं तोंड," म्हणाला, आणि पान न खाताच गेला.

मी मॅडमकडं युक्ती घेऊन गेलो. "चिपा द्या मूठभर. लोकांच्या जुन्या चपलांत गुपचूप चिकटवतो. असल्या कामात माझा हात कुणी धरणार नाही."

"विचारल्याशिवाय कुणाची तपासणी मी करत नाही," त्या म्हणाल्या. "आणि समजा केली. माणूस सापडेल, पण येणार नाही. फसवलं म्हणून पळेल. दुर्बिणीपर्यंत माणूस स्वतःच्या पायानं यावा लागतो, सुकुमार."

स्वतःच्या पायानं. मी परत येताना रिक्षाला सांगितलं, जरा हळू चाल, मला विचार करू दे. ती म्हणाली, "कृपया बसून घ्या." मी उभाच होतो.

फटफटायच्या आत मी कामाला लागलो. दारोदार जाऊन संडासची जुनी चप्पल उचलायची आणि रिक्षात टाकायची. एवढंच. लग्नाच्या हॉलांबाहेर आयुष्य घालवलेल्या माणसाला गल्लीतली चप्पल न् चप्पल तोंडपाठ असते. ही टाच झिजलेली इनामदाराच्या पुतण्याची, ही सुतळीनं बांधलेली नीलव्वाची, ही एक निळी एक हिरवी पाटलांची. प्रत्येक दारात एक जोड होता.

दस्तगीरच्या दारात नव्हता.

मी त्याच्या पायरीवर हात फिरवला. काहीच नाही. मग आठवलं, त्याच्या जुन्या चपलेचा अंगठा उरुसाच्या आधीच तुटला होता, आणि चेष्टेत ती गटारीत भिरकावणारा मीच होतो. तेव्हापासून हा माणूस सकाळी कुणाच्या चपलेत जात होता?

आणि गेल्या काही दिवसांत मी त्याला रांगेत एकदाही बघितलं नव्हतं.

विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण उजाडलं आणि गल्ली उठली. काय तो गोंधळ. माणसं टमरेल घेऊन दारात, अनवाणी, एका पायावर. थंडीतली ओली फरशी, आणि संडासात अनवाणी जायचं म्हणजे आमच्यात मरणापेक्षा वाईट. शिव्यांनी आभाळ भरलं. शिव्या कुणाच्या नावानं होत्या ते सांगायला नको, चप्पल गेली की गल्ली आधी माझंच नाव घेते.

मी भोंगा चालू केला. "ओरडू नका, पोटावर ताण येतो. तुमच्या जुन्या चपला माझ्या रिक्षात आहेत. ज्याला तपासणी नको त्यानं येऊन आपली घेऊन जावी, मी कारण विचारणार नाही. ज्याला चालतंय त्यानं ट्रंकेतली नवी काढावी. एकदा संडास बघितल्यानं चप्पल विधवा होत नाही."

पहिली नीलव्वा आली. "दे माझी. मला नको तुझी तपासणी."

मी सुतळीची चप्पल काढून दिली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी चेष्टा करीन म्हणून वाट बघितली, मग गेली.

बाकीच्यांचं पोट थांबायला तयार नव्हतं. दारांआड ट्रंका वाजल्या. खोकी फाटली. एकेक करून नव्याकोऱ्या चपला बाहेर आल्या, काहींवर अजून कागद चिकटलेला. कुणाला डावं-उजवं सापडेना, कुणाच्या पायात बायकोची आली, कुणाच्या भावाची, त्यांनी ती तिथंच बदलून घेतली, "मॅडमकडं आपलं आपल्याच नावानं जाऊ दे," म्हणत. सगळी ओळ नव्या चपलेत उभी. लग्नाला निघाल्यासारखी.

मॅडमचा फोन आला. "सुकुमार, गल्ली पहिल्यांदाच दिसायला लागली मला. काय केलंत?"

"चोरी," मी म्हटलं, आणि दस्तगीरच्या कारखान्याकडं चालत निघालो.

तिथं अजून जुने, सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याचे माग आहेत. एका ठरावीक लुगड्यासाठी ठेवलेत, नव्या मागांना ते जमत नाही. आत गेलं की कानाला दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून मागवाले ओठांवरनं बोलतात, हातानं बोलतात. मी आणि दस्त्या पोरं असताना त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत हे शिकलो. गावात सगळ्यात गुपचूप बोलायची जागा म्हणजे सगळ्यात जास्त आवाजाची.

तो मागाखाली वाकला होता. मी पायानं त्याला ढोसलं. तो उठला. मी ओठ हलवले.

*चप्पल कुठाय तुझी?*

*तुटली.*

*मग माझी घालत होतास.*

*सगळेच घालत होते.*

*सगळे घाईत घालत होते. तू ठरवून.*

त्यानं पाना खाली ठेवला. शेजारच्या मागावरचा गडी आपल्याच नादात होता. दस्तगीरनं तिकडं एकदा बघून घेतलं. मग त्याचे ओठ हलले.

*रक्त दिसतंय. पोरीची, तहसीनची सोयरीक ठरली तेव्हापासून. मूळव्याध म्हटलं. अब्बा पण मूळव्याध मूळव्याध म्हणतच गेले, ठाऊक हाय तुला.*

*मग मॅडमकडं का आला नाहीस?*

*माझ्या नावानं लाल लागलं असतं तर? दस्तगीरला कॅन्सर, बापाला पण होता, पोरीला होईल. सोयरे काय म्हणतील? तुझी चप्पल घातली. म्हटलं, लाल लागलं तर सुक्या गावभर भोंगा लावणार. तुझ्या पोटात काय राहत नाही. मला आपोआप कळंल.*

*आणि माझ्यात दुर्बीण घातली रे त्यांनी.*

त्याचा चेहरा पडला, आणि त्याच वेळी ओठाचा एक कोपरा वर गेला. माझाही गेला. मागांच्या त्या खडखडाटात आम्ही दोघं पोट धरून हसलो, आवाज न ऐकू येणारं हसणं. मग तो थांबला.

*पण कळलं कुठं? सगळीच माझ्यागत तुझ्या चपलेत. लाल माझं की दुसऱ्याचं, मलाच कळंना. झोप नाही मला, सुक्या.*

*चल आत्ता.*

*लग्नानंतर.*

*मॅडम म्हणाल्या, थांबला तर खात्री नाही.*

*लग्नानंतर,* त्याचे ओठ म्हणाले, आणि तो परत मागाखाली वाकला.

बाहेर रिक्षा उभी होती. भोंगा गरम होता. मला फक्त त्याचं नाव घ्यायचं होतं. तासाभरात तहसीन, तिचे मामे, सगळे येऊन त्याला उचलून दवाखान्यात नेतील. जीव वाचेल. आणि तो जन्मात माझ्याशी बोलणार नाही, ते चाललं असतं. पण त्याची पोर मांडवातनं परत आली तर? खाज सुटल्यासारखं होत होतं घशात. मी माइक हातात घेतला, ठेवला, परत घेतला.

मग मला सुचलं आणि मी आनंदानं रिक्षात नाचलो. रिक्षा म्हणाली, "कृपया बसून घ्या."

त्या संध्याकाळी गल्लीत मी पडेल आवाजात जाहीर केलं, "लोकहो, दुर्बिणीत एक कोपरा बघायचा राहिला होता. लाल माझंच निघालं. मिरजेला परत बघणार, गरज पडली तर ऑपरेशन. सोबत दस्तगीर जमादार येणार, कारण दुसरं कुणी तयार नाही."

दस्तगीर आपल्या दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघून नुसते ओठ हलवले. *नाव माझं. पोट तुझं. चल.*

त्यानं दाराची चौकट सोडली. मग आत जाऊन पिशवी भरायला लागला.

रात्री राजमतीनं ताट वाढलं. "मॅडमचा कागद मी वाचलाय," ती म्हणाली. "तुमच्यात काही नाही."

मी घास परत ताटात ठेवला.

"कुणासाठी चाललंय ते मी विचारणार नाही. मला गप्प राहता येतं. तुम्हाला जमतंय का ते बघते आता."

मिरजेत दस्तगीरच्या आतड्यात कॅन्सर सापडला. कोंबाच्या पुढं गेलेला, पण भिंतीच्या बाहेर न पडलेला. तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडली. "तुटलेला धागा जोडल्यागत," दस्त्या शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "गाठ नीट बसली का विचार त्यांना." नीलव्वा मला भेटायला आली तेव्हा मी शेजारच्या रिकाम्या खाटेवर चादर ओढून कण्हत पडलो, आणि दस्त्या नळ्यांसकट भिंतीकडं तोंड करून. "जॉबर दमून झोपला बघ तुझ्यापायी," नीलव्वा म्हणाली. "जोडीदार असावा तर असा." चादरीखाली मी मूठ चावली. तिनं मला दहीभात भरवला आणि जाता जाता हळूच विचारलं, "ती चप्पल अजून मिळंल का? माझी बेळगावला हाय."

गल्लीत सुकुमार मरतोय म्हटल्यावर जे झालं, ते माझ्या कुठल्याच जाहिरातीनं झालं नव्हतं. जो माणूस कशालाच भीत नाही त्याला झालं म्हणजे कुणालाही होईल, असं लोकांनी धरलं. पलीकडच्या दोन गल्ल्या चपला मागायला आल्या. नीलव्वाचा एक कोंब दुर्बिणीतच खुडला. लहान होता. तिनं तो बघायला मागितला.

लग्नात मी नाचलो. लोक म्हणाले, बिचारा, जाता जाता नाचून घेतोय. मी पोटात सगळं धरून नाचलो. इतकं जड ओझं मी आयुष्यात उचललं नव्हतं.

मॅडमनी दस्तगीरला एक अट घातली होती. बापाला झालं तर लेकीनं इतरांपेक्षा लवकर तपासून घ्यायचं असतं, तेव्हा लेकीला सांगायलाच पाहिजे. तहसीन माहेरी आली तेव्हा त्यानं सांगितलं. ती काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग सासरहून फोन करून एवढंच विचारलं, "मला कधीपासून बघायला लागंल, अब्बा? आणि सुक्याकाकाला सगळं ठाऊक होतं? त्यांना?"

तो माझ्या दारात आला. जिना चढल्यागत दम खात, पण आला. "सांग आता गावाला. पोटात दुखत असंल तुझ्या."

मी माइक हातात घेतला आणि मला बोलताच येईना. त्यालाच बोलावं लागलं. सगळं त्यानंच सांगितलं, चपलेसकट. गल्लीनं आधी त्याला धरून बसवलं, मग मला मारायला धावली. दहीभात परत मागितला लोकांनी.

दुसऱ्या सकाळी घाई लागली म्हणून उठलो, उंबऱ्यापाशी पाय घातले, आणि दोन पावलांत धडपडलो. खाली बघितलं. दोन्ही डाव्या.

बदलायला वेळ नव्हता. मी तशाच दोन डाव्या पायांनी फेंगाडत रांगेकडं निघालो. पाण्याच्या टाकीमागं कुणीतरी हसू दाबत उभं होतं, दोन्ही हातांनी पोटावरची टाक्यांची जागा सांभाळत.